चेलनाला कुणी धरायचं

परतीच्या पावसानं सोयाबीन रानातच भिजवलं आणि आमच्या घरात माणसांची टंचाई झाली. शेंगा काळ्या पडायच्या आत काढणी उरकायला पाहिजे होती. गावातल्या बायका ज्याच्या त्याच्या रानात अडकलेल्या. माझा मुलगा अनेकांत शिरोलीला फौंड्रीत पाळीवर. आमच्या मालकांचे, म्हणजे तात्यासाहेबांचे, गुडघे गेलेले. ते बांधावर बसून हुकूम सोडणार, तेवढंच. राहिली सून. सोनल पहाटे म्हशींच्या धारा काढायची, दूध डेअरीला घालायची आणि विळा घेऊन रानात जायची, ती दिवस कलताना परत. घरात मी आणि चेलना.

चेलना माझी नात. तेरावं सरून चौदावं लागलेलं. बसत नाही, बोलत नाही, मान धरत नाही. पाय कात्रीगत एकमेकांवर चढलेले, मुठी आवळलेल्या. जन्मली तेव्हा रडली नाही, तिथनंच बिघडलं असं डॉक्टर म्हणाले. तोंडातनं लाळ गळते म्हणून गळ्याला कायम फडकं. येणारा-जाणारा विचारतो, "हिला कळतंय का काय?" मी म्हणते, "तुला किती कळतंय ते आदी सांग."

तिला चारायचं म्हणजे नुसतं घास भरवणं नव्हे. डाव्या कोपरात मान घ्यायची, अंगठ्यानं हनुवटी उचलून धरायची, आमटीत कालवलेला मऊ भात चमच्यानं गालाच्या कडेला सोडायचा आणि गळ्यावरनं बोट फिरवायचं. मग गिळते. घाई केली की ठसका, ठसका लागला की अंग ताठ, आणि खाल्लेलं सगळं बाहेर. एका जेवणाला तासभर तर लागतोच. सोनलला ते जमायचं, पण माझ्यासारखं नाही, आणि मी तिला ते ऐकवायचेही.

"तुझ्या हाताला सबूर न्हाय. माहेरात कोंबायला शिकवलंय, चारायला न्हाय."

ती फडकं पिळायची आणि दोरीवर टाकायची.

लहान होती तोवर चेलनाला कमरेवर घेऊन मी म्हशींना वैरण टाकली, भाकरी थापल्या, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले. आता ती पोत्याएवढी झाली. पोतं तरी गप पडून राहतं. ही मधेच ताठ होते आणि ओल्या कासऱ्यागत हातातनं सुटते. त्या दिवशी न्हाणीत तिला अंघोळ घातली आणि काखेत हात घालून उचलायला गेले, तर माझ्या कमरेत कट्‌कन वाजलं. तिला घेऊन मी तशीच खाली बसले. उठता येईना. तिच्या अंगावर पाणी, माझ्या अंगावर ती. हाक मारली, पण शेजारचं सगळं घर रानात. म्हशी तेवढ्या ओरडून उत्तर देत होत्या. चेलनाचं अंग गार पडायला लागलं तसा मी पदर सोडून तिच्यावर टाकला आणि भिंतीला टेकून बसून राहिले.

सोनल आली. पायाला चिखल तसाच. तिनं आधी पोरीला उचललं, पुसलं, गोधडीत गुंडाळलं.

मी आतनं ओरडले, "सासू बी पडलीया म्हणावं इकडं!"

"तुमी बोलताय म्हणजे बऱ्या हाय, आत्ती," ती म्हणाली आणि मग मला उठवायला आली.

रात्रपाळीला निघायच्या आधी अनेकांत माझ्या खाटेपाशी बसला. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीपुढं उभा राहून त्याचा चेहरा रापलाय, डोळे कायम लाल.

"आई, मिरजेच्या पलीकडं एक संस्था हाय. असल्या पोरांना ठेवून घेत्यात. मी जाऊन बघून आलोय."

"कुणाला इचारून गेलतास?"

"तुला इचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"माझ्या नातीला अनाथाच्या रांगेत बसवतोस? बाप जित्ता असताना?"

"रांगेत बसायला ती बसती तर मी कशाला गेलो असतो, आई?"

मी दुसरीकडनं धरलं. "सोनलनं कान भरलं असतील."

सोनल दारात उभी होती. ती म्हणाली, "मी काय बी म्हणलेलं न्हाय."

"तेच तर. तू कवा काय म्हणतीस?"

"आई, तिला सोड," अनेकांतनं मान खाली घातली. "उन्हाळ्यात पोरगी शहाणी झाली तवाचं आठव. दर महिन्याचं ते बघायचं, अंगावरचं बघायचं, फिटा बघायच्या. कोण म्हणतंय पिशवी काढून टाका, कोण म्हणतंय—"

"पिशवी काढायला ती काय जनावर हाय? माज आला न्हाय पायजे म्हणून खच्ची करायला?"

"मग काय करू ते तरी सांग!"

तो कधी ओरडत नाही. त्याच्या आवाजानं चेलना दचकली आणि तिच्या मुठी छातीशी गेल्या. मी म्हटलं, "माझी कंबर आठ दिसांत बरी हुतीया. मी हाय तवर तिला ह्या घरातनं कोण हलवत न्हाय. मी धरीन तिला."

तो उठला, डबा घेतला आणि गेला.

कंबर बरी झाली नाही. डॉक्टरनं पट्टा दिला, तो बांधून मी हिंडायला लागले आणि बरी झाले म्हणून सांगितलं. चेलनाला उचलायची वेळ आली की तात्यासाहेबांना पायाकडनं धरायला लावायचे. त्यांचे गुडघे, माझी कंबर. दोघं मिळून एक धड माणूस होत नव्हतं. एकदा खाटेपाशी पोचता पोचता ते म्हणाले, "त्रिशले, आपुन गेल्यावर हिला कोण बघणार?"

"तुमी जावा खुशाल. मी न्हाय जात," मी म्हटलं. ते हसले आणि त्यांनी चेलनाचे पाय खाटेवर ठेवले.

गावात महाराजांचा चातुर्मास चालू होता. दिगंबर मुनी, दिवसातनं एकदाच आहार, तोही उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. त्या आहारासाठी पाळीपाळीनं घरात चौका, म्हणजे सोवळ्यातला स्वैपाक, लावायचा. विहिरीचं गाळलेलं पाणी, ताजं दळलेलं पीठ, कुणाचा हात न लागलेले धुतलेले कपडे. आणि जपायचं ते अंतरायाला. आहार चालू असताना घासात केस निघाला, किडा निघाला, कुणाचं रडणं-किंचाळणं कानावर आलं, की महाराज ओंजळ सोडून खाली बसतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. ज्या घरात अंतराय झाला त्या घरातल्या बाईला तोंड वर करून बस्तीत जायला महिना लागतो.

आमची पाळी आली, तशी कुसुमाक्का घरी आली. चौक्याचं सगळं तिच्याकडं. तिनं आमचं स्वैपाकघर बघितलं, चूल बघितली, डबे उघडून बघितले. मग मधल्या खोलीत चेलनाच्या खाटेकडं बघितलं.

"त्रिशलाक्का, त्या दिवशी हिचं काय?"

"काय म्हंजे? घरातली हाय, घरात ऱ्हाईल."

"मधीच वरडली बिरडली तर? माझ्या गोठ्याकडच्या खोलीत ठेवा की तेवढा वेळ. कुणी तरी बसंल."

"गोठ्याकडं? तुझी नातवंडं ठेव गोठ्याकडं. परवा पंगतीत शेंबूड पुसत हुती पडद्याला."

"रागावू नका. ज्याचं त्याचं कर्म असतंय—"

"कर्म कुणाचं किती ते सांगायला तू काय केवलज्ञानी हायस?"

कुसुमाक्का चहा न घेता गेली. त्या संध्याकाळी सोनल माझ्या पायाला तेल चोळायला बसली. बसली म्हणजे काही तरी मागायचं होतं.

"आत्ती, एक दिवस चेलूला माझ्या माहेरी ठेवूया. दादा गाडी घेऊन यील."

"का? तुला बी लाज वाटाय लागली?"

"लाज न्हाय." ती तेल चोळत राहिली. "लगीन होऊन आल्यापास्नं मला कधी आहार द्यायला मिळाला न्हाय. पैल्यांदा ती पोटात हुती, मग हिचंच. दर खेपंला मी आत, हिला घेऊन. ह्या वेळंला माझ्या हातानं द्यायचाय. मधी काय झालं तर..."

"काय हुईत न्हाय. माझ्या मांडीवर ती कवा रडलीया? तू दे आहार. मी धरीन तिला."

सोनलनं माझ्या कमरेच्या पट्ट्याकडं बघितलं.

त्या दिवशी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. अनेकांतनं रजा काढली होती. सोनल केसांवर घट्ट पदर बांधून चुलीपुढं. सकाळपासनं पाणी घेतलं नव्हतं तिनं. तिच्या तोंडावर मी इतक्या वर्षांत न बघितलेलं काही तरी होतं, नव्या नवरीच्या तोंडावर असतं तसलं. मी चेलनाला लवकर चारलं, पुसलं, फडकी बदलली, आणि मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून तिला मांडीवर घेतलं. मधे पडदा. पडद्याच्या फटीतनं मला बाहेरचा सोपा, आमची ओसरी, दिसत होता.

तात्यासाहेब, अनेकांत आणि सोनल दारात कलश घेऊन उभे राहिले. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!" महाराज आमच्या दारापाशी थांबले. गल्लीतल्या बायकांनी जयजयकार केला. पाय धुतले, पूजा झाली. मग सोनलचा आवाज आला, बारीक पण न अडखळता. "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध हाय, महाराज."

महाराजांनी ओंजळ केली. सोनलनं पाणी घातलं. मग दूध. मग भाकरीचा बारीक घास, दोघी-तिघींनी बघून दिलेला. माझ्या मांडीवर चेलना जागी होती, छताकडं बघत. मी तिच्या हनुवटीखाली अंगठा धरला होता. गप होती. अगदी शहाण्यासारखी गप होती.

मग तिचं अंग ताठ व्हायला लागलं. फीट नव्हती ती, नुसता आळोखा. रोज देते. रोज मी मांडी उचलून, कंबर वळवून तिला पेलते. त्या वेळी मांडी उचलली आणि कमरेतनं अशी कळ गेली की डोळ्यापुढं अंधार आला. हात सुटला. चेलना मांडीवरनं घसरली आणि तिचं डोकं जोत्याच्या दगडावर आपटलं.

ती किंचाळली.

ओंजळ सुटल्याचं मला फटीतनं दिसलं. पाणी फरशीवर सांडलं. महाराज खाली बसले, डोळे मिटून. सोनल हातात तांब्या घेऊन तशीच उभी. सोपाभर कुणी हललं नाही. चेलना मात्र थांबेना, तिला थांबायचं कसं ठाऊक?

अनेकांत पडदा सारून आत धावला, तिला उचलून डोकं चाचपलं. टेंगूळ आलं होतं, रक्त नव्हतं. बाहेर बायकांची कुजबुज सुरू झाली, आणि त्यात कुसुमाक्काचा आवाज मला नीट ऐकू आला. "सांगितलं हुतं की मी. त्या पोरीचं पापच तसलं हाय. घरात आलेलं पुण्य बी टिकू द्यायची न्हाय."

मला उभं राहता येत नव्हतं. मी दोन्ही हातांवर सरपटत पडद्याबाहेर आले. लुगड्याचा काष्टा सुटलेला, पट्टा दिसत होता. त्या सगळ्यांपुढं. मी, जिनं गल्लीत कुणाला एक शब्द उसना ठेवला नाही.

"पोरीला नाव ठिवू नका," मी म्हटलं. "ती न्हाय रडली आपनहून. माझ्या हातनं पडली ती. मला धरवत न्हाय आता. कंबर गेलीया माझी. कवाच गेलीया."

बोलून झालं आणि मग मला कळलं मी काय बोलले ते. वर बघितलं. पडद्यापाशी अनेकांत, खांद्यावर पोरगी. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

महाराज उठले. पडद्याकडं बघून त्यांनी आशीर्वादासाठी मोरपिसांची पिंछी वर केली, चेलनासाठी की आमच्यासाठी ते कळलं नाही, आणि उपाशी निघून गेले. सोनलनं तांब्या खाली ठेवला. फडकं घेतलं आणि फरशी पुसायला बसली. पुसून झालेली जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

संध्याकाळी अनेकांत म्हणाला, "आई, तू म्हणालीस."

"म्हणलं."

"मग त्यांना फोन करू?"

मी तोंड भिंतीकडं केलं. नाही म्हणायला तोंड होतं, पण त्यामागं घालायला हात नव्हते. "कर," मी म्हटलं.

सोनल पिशवी भरत होती. फडकी, गोळ्या, झबली, गळ्याला बांधायची कापडं, एकेक घडी घालून. मला ते बघवेना. बघवेना म्हणजे मी काय करणार, जीभ चालवणार.

"सुटलीस की ग."

तिचे हात थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्याला डोळा दिला.

"व्हय. सुटले. आणखी एक पोर व्हावं म्हणत हुते मी, तर ह्ये म्हणाले हिचंच होईना. न्हाय झालं. पाठ दुखती मलाबी. मलाबी झोप लागत न्हाय. व्हय, सुटले, आत्ती. आन सुटले म्हणताना हितं काय तुटतंय ते बी मला कुणी इचारू नका."

तिनं पोटावर हात आपटला आणि पिशवीची चेन ओढली.

संस्था चांगली होती. वाईट असती तर मी पोरीला घेऊन परत फिरले असते, ती सोयसुद्धा नव्हती. पांढऱ्या भिंती, फिनेलचा वास, ओळीनं खाटा, आणि प्रत्येक खाटेवर कुणाची तरी चेलना. मोना नावाची दणकट पोरगी आली, तिनं चेलनाला एका झटक्यात उचललं आणि खाटेवर ठेवलं. झटक्यात. मी बघत राहिले.

मी तिला चारायचं दाखवलं. कोपर, अंगठा, गालाची कड, गळ्यावरनं बोट. मोना नीट बघत होती.

"कळलं, आजी. पण तासभर हिलाच दिला तर बाकीची पोरं?"

"मग काय करशील?"

"पातळ करीन. लवकर जाईल."

"ठसका लागतोय."

"बघीन, आजी." ती खोटं बोलत नव्हती. जमेल तेवढंच म्हणत होती.

"आनि एक," मी म्हटलं. "आमी जैन. दिवस मावळल्यावर तिनं जन्मात कवा घास घेतलेला न्हाय. दिवस हाय तवर चारा हिला."

मोनानं खाटांच्या ओळीकडं बघितलं. "आजी, हितं रातचं जेवान दिवे लागल्यावरच हुतंय. सगळ्यांचं एकदम. दुपारच्या बायका जात्यात आन मग आमी दोघीच असतोय. कसं करू सांगा."

अनेकांतनं माझ्या खांद्याला हात लावला. "आई, ऱ्हाऊ दे. तिला काय ठावं दिवस कवा बुडाला ते."

वरती पंखा फिरत होता, आमच्या घरातल्यापेक्षा जोरात. चेलना त्याच्याकडं बघून हसली. तोंड वाकडं करून, लाळ गाळत, हसली. मी निघाले, दारात वळून बघितलं, तरी ती पंख्याकडंच बघत होती. मला तिचा राग आला. तेवढा राग मला कधी कुसुमाक्काचाही आला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सोनलनं भाकरी टाकल्या आणि तात्यासाहेबांना वाढलं. ते जेवले. अनेकांत दोन घास खाऊन उठला.

"आत्ती, बसा. दिवस हाय तवर खावून घ्या."

"भूक न्हाय."

मी सोप्यात बसून राहिले. मधल्या खोलीतली खाट रिकामी, तिच्यावरची गोधडी कुणी तरी घडी करून ठेवलेली. उसाच्या शेंड्यावरनं दिवस गेला. बस्तीतली घंटा झाली. सोनलनं देवापुढं दिवा लावला, भांडी घासून पालथी घातली आणि चुलीतला विस्तव राखेनं झाकला. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. आता तिकडं खाटांच्या ओळीतनं ताटल्या फिरायला लागल्या असतील. पातळ केलं असेल मोनानं.

मी उठले, भिंतीला धरून स्वैपाकघरात गेले आणि पाटावर बसले.

"सोनल, मला वाढ."

ती हात पुसत पुसत थांबली. "आत्ती, दिवस बुडालाय."

"ठावं हाय. वाढ."

तिनं वाढलं.